विहिणीबरोबर शिकारीला

मला माझ्या विहिणीचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी 'काय बाई मोठ्या मनाची' वगैरे म्हणायला नको. माझं मन मोठं नाही. निदान मुलाच्या बाबतीत तरी अजिबात नाही.

सुरुवात झाली ती गेल्या ऑक्टोबरात आलेल्या एका फोटोपासून. आमचा मुलगा अमेरिकेत असतो. एकुलता एक. लखनौत जन्मला, इंदिरा नगरच्या गल्लीत क्रिकेट खेळून मोठा झाला, शिकायला म्हणून गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. त्याची सासू, म्हणजे माझी विहीण, त्यांच्या घरापासून दोनेक तासांवर रानाच्या कडेला एकटी राहते. नवरा वारला, लाकडं स्वतः फोडते, मोठी गाडी स्वतः चालवते. आणि दर पानगळीत माझ्या मुलाला घेऊन रानटर्कीच्या शिकारीला जाते.

तर फोटो. जमिनीवर पिवळ्या पानांचा खच, मागे ओकचं भलंथोरलं झाड, आणि त्याच्या बुंध्याला पाठ टेकून दोन माणसं बसलेली. दोघांच्या अंगात पानाफांद्यांच्या छापाचे कपडे, तसल्याच टोप्या, तोंडावर जाळी. दिसतात ते फक्त डोळे. मांडीवर बंदुका आणि खांद्याला खांदा लावलेला. खाली मुलाने लिहिलं होतं, 'मॉम के साथ.'

मी फोन डोळ्यांजवळ नेला आणि यांना म्हटलं, "बघा हो, किती वाळलाय! डावीकडचा बघा. डोळे कसे खोल गेलेत."

हे चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, ती विहीण आहे."

हसून हसून यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हे इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते, आता निवृत्त आहेत, त्यामुळे हसायला भरपूर वेळ असतो. मला मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. पोटचं पोर, आणि फोटोत ओळखू येऊ नये? आणि का येऊ नये, तर ते दुसऱ्या बाईसारखं दिसायला लागलंय म्हणून!

त्या दिवसापासून माझं पोट दुखायला लागलं ते राहिलंच नाही. हा मुलगा माझ्यासाठी कधी पहाटे उठला नव्हता. शाळेच्या रिक्षावाल्या भैयाने तीनदा घंटी वाजवल्याशिवाय याची चादर हलायची नाही. तो आता तिच्यासाठी अंधारात उठतो. मी देवाजवळ पाच मिनिटं बस म्हटलं की याच्या अंगाला मुंग्या यायच्या. तो तिच्या शेजारी दोन-दोन तास हूं की चूं न करता बसतो. माझ्याशी फोनवर बोलताना एक डोळा घड्याळावर आणि "हाँ आई, अच्छा आई, रखता हूँ आई." वाढवायला मी, दुखणीखुपणी काढायला मी, आणि आयत्या बिळावर नागोबा ही बाई.

आमच्या घरात मुलगा हिंदी बोलतो. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच. एक 'आई' तेवढं त्याने तसंच ठेवलंय. तिला तो 'मॉम' म्हणतो. हे म्हणाले, "तिकडची पद्धत आहे ती." असेल. पद्धत असली म्हणून काय झालं?

उन्हाळ्यात एकदा फोनवर तो पुन्हा 'मॉम' आणि तिच्या टर्कीचं कौतुक सांगायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "या ऑक्टोबरला मी येतेय. आणि मी पण शिकारीला येणार."

तो म्हणाला, "आई, तू? यार, सच में?"

"का? तुझी ही आई कोल्हापूरची आहे. कोंबडी कापायला माझा हात कधी थरथरला नाही, विचार तुझ्या बाबांना."

तो इतका खूश झाला की मला जरा वाईटच वाटलं. त्याला वाटलं आईला रानाची आवड लागली. मला हवी होती फोटोतली ती जागा. ओकच्या बुंध्यापाशी, त्याच्या खांद्याला खांदा लावून. बाकी टर्की गेली खड्ड्यात.

आता लखनौत बसून टर्कीच्या शिकारीची तयारी करायची म्हणजे पंचाईतच. आपल्याकडे शिकारीला बंदी. बंदूक हातात धरायची सोय नाही, आणि टर्की मी शिजलेलीसुद्धा पाहिलेली नाही. मुलाने चित्रफिती पाठवल्या. मोराच्या आकाराचा, काळपट तांबूस, टकल्या डोक्याचा पक्षी. फार हुशार. नजर इतकी तेज की माणसाची पापणी लवली तरी पसार होतो म्हणे. त्यामुळे शिकारीतलं पहिलं काम म्हणजे न हलता बसणं.

मी म्हटलं हे तर माझ्या हातचं आहे. लग्नकार्यात पाटावर मांडी घालून तास न् तास बसलेली बाई मी. पण तिथे मांडी चालत नाही. झाडाला पाठ लावायची, गुडघे वर घ्यायचे, आणि गुडघ्यावर बंदूक. मी रोज सकाळी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीला पाठ लावून तशी बसायला लागले. पहिल्या दिवशी गुडघ्यांनी शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी माकडं आली. एक मोठं माकड माझ्यासमोर येऊन तस्संच टाकीसमोर बसलं आणि टक लावून बघत राहिलं. मी हलले नाही. तेच कंटाळून निघून गेलं. त्या दिवशी मी मुलाला लगेच कळवलं.

मग एक पार्सल आलं. विहिणीने पाठवलेलं, माझ्या मापाचे पानाफांद्यांचे कपडे, एक लाकडी डबी आणि एक रबरी चकती. यांनी खोकं उघडतानाच म्हटलं, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." कपडे अंगाला अगदी बरोबर बसले. हिला माझं माप कुणी सांगितलं, असं मनात आलं आणि आणखी चिडचिड झाली. मुलाने सांगितलं असणार. म्हणजे दोघं बसून माझ्या कंबरेची चर्चा करतात.

डबीला वर एक सैल झाकण असतं. त्याला खडू लावायचा आणि डबीच्या कडेवर घासायचं, की टर्कीच्या मादीसारखा आवाज निघतो. चकती तोंडात टाळूला चिकटवायची आणि फुंकर मारायची, म्हणजे पिल्लाचा आवाज येतो. चकतीने माझी शोभा केली. एकदा फुंकर मारली तर ती थेट यांच्या पोह्यांत जाऊन पडली. डबी मात्र जमायला लागली. गच्चीवरून आवाज घुमायचा. शेजारच्या भाभीजी तिसऱ्या दिवशी गेटवर आल्या. "भाभीजी, ऊपर कुछ पाल लिया है क्या? सुबह-सुबह किसी जानवर के रोने की आवाज़ आती है."

बंदुकीच्या ऐवजी मी जाळी काढायचा लांब काठीचा झाडू घेत असे. नियम असा की पक्ष्याचं डोकं झाडाआड गेलं की तेवढ्यातच बंदूक उचलायची. यांना मी टर्की केलं. हे सोफ्यामागून मान पुढे-मागे करत चालायचे, खांबाआड गेले की मी झाडू उचलायचा. उशीर झाला की हे थांबून म्हणायचे, "मी तुला बघितलं. मी उडून गेलो. आता चहा टाक."

खरी शिकवणी मात्र विहिणीने घ्यायची असं मुलाने ठरवून टाकलं. "मॉम सिखाएगी ना, आई. शी इज द बेस्ट." माझा तिळपापड झाला. पण शिकल्याशिवाय ती जागा मिळणार नव्हती, म्हणून गपगुमान फोनसमोर बसले. दर रविवारी आमची संध्याकाळ, तिची सकाळ. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रान दिसायचं. रुपेरी केस मागे बांधलेले, चेहरा उन्हाने रापलेला, हातात कॉफीचा मग. कमी बोलायची. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय, मला चांगला शिक्षक ओळखता येतो. ती चांगली शिकवायची. तेही मला सहन व्हायचं नाही.

तिने मला पानगळीतली शिकार समजावली. वसंतात फक्त नर मारायचे असतात, तो खेळ वेगळा. पानगळीत माद्या आणि त्यांची त्या वर्षीची वाढलेली पिल्लं थव्याने फिरतात. थवा दिसला की बंदूक खाली ठेवून, आरडाओरडा करत सरळ त्यांच्यात घुसायचं. पाखरं दाही दिशांना उधळतात. मग जिथून ती उधळली, बरोबर तिथेच झाडाला टेकून गप्प बसायचं. थोड्या वेळाने हरवलेली पिल्लं हाका मारायला लागतात. आपण आईचा आवाज काढायचा. ती परत त्याच जागी येतात.

"म्हणजे आधी त्यांचं घर मोडायचं आणि मग तिथेच आई होऊन बसायचं," मी म्हटलं.

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "हो. तसंच."

तुला बरोबर जमत असणार, मी मनात म्हटलं.

दुसऱ्या एका रविवारी तिने मला डबी वाजवायला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. "पुन्हा," म्हणाली. मी पुन्हा वाजवली. ती म्हणाली, "तुझी मादी माझ्यापेक्षा खरी वाटते. मी असते तर आले असते." दुसरा अख्खा दिवस मी खुशीत होते. भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा केली नाही. संध्याकाळी लक्षात आलं की मी कुणाच्या शाबासकीवर एवढी फुलले आहे, आणि स्वतःचाच राग आला.

पहिली ठिणगी पडली ती टिकलीवरून. रानात लाल, पांढरं आणि निळं काही अंगावर नको, कारण टर्कीच्या नराचं डोकं त्याच रंगांचं असतं. दुसऱ्या कुणा शिकाऱ्याला लांबून लाल ठिपका दिसला तर तो गोळी घालायचा. हे सांगता सांगता ती माझ्या कपाळाकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या दिवशी हे काढावं लागेल."

फोन ठेवल्यावर मी यांना म्हटलं, "ऐकलंत? कुंकू पुसायला सांगतेय मला!"

हे म्हणाले, "माझी तब्येत बरी आहे म्हणावं." मग म्हणाले, "अगं, तुझ्या जिवासाठीच सांगतेय ना ती?"

तिची बाजू घेणारे घरातच निघाले, मग मी कुणाला बोलू? पण तेही गिळलं. तिकिटं काढून झाली होती. विहिणीसाठी मी खणाचं कापड घेतलं, ओटीसाठी सुकं खोबरं बांधून ठेवलं; नवरा नाही म्हणून तिची ओटी का चुकवायची? चिकनकारीचा कुर्ता घेणार होते, इथून दुसरं काय न्यायचं; पण तो पांढरा, म्हणजे हिने रानात घातला तर पंचाईत. म्हणून हिरवा शोधायला भूतनाथ मार्केट पालथं घातलं. पोटात कितीही दुखत असलं तरी विहिणीचा मान तो मान. मला तो मिळाला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

हे जरा सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात मुलाच्या आईला रुसायचा हक्क असतो. माझ्या सासूबाई माझ्या लग्नात ताटाभोवती रांगोळी नाही म्हणून रुसून बसल्या होत्या. माझी आई साडी घेऊन गेली, हात जोडले, दोन मावश्यांनी विहिणीची गाणी म्हटली, तेव्हा कुठे त्या उठल्या आणि मग सगळ्यांत जास्त जिलब्या त्यांनीच खाल्ल्या. त्यात कुणाला राग नसतो. रुसणाऱ्याने रुसायचं, समोरच्याने मनधरणी करायची, आणि तेवढ्यात दोन घरं एकमेकांची होतात. माझ्या मुलाचं लग्न मी स्क्रीनवर पाहिलं. सगळं दहा मिनिटांत आटोपलं. रुसायला वेळच मिळाला नाही.

आणि त्यात मी इतकी वर्षं लखनौची. इथे कुणी चहा विचारला तर आधी नको म्हणायचं, पुन्हा विचारलं तर पुन्हा नको, मग कप हातात येतोच. पहिल्याच 'नहीं'ला मान डोलावून किटली उचलून नेणारा माणूस मी इथे पाहिलेला नाही.

सप्टेंबरात एका रविवारी मुलगाही शिकवणीच्या कॉलवर होता. गप्पांच्या ओघात म्हणाला, "आई, रूल है, नये बंदे के साथ एक्सपर्ट को बैठना पड़ता है, एकदम पास, हाथ की दूरी पर. तो तू मॉम के साथ बैठेगी. ओक के पास. मैं नाले के उस पार रहूँगा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तू नाही माझ्याबरोबर?"

"मॉम को ज़्यादा आता है ना, आई."

विहीण कॉफी पीत राहिली. मला ती जिंकल्यासारखीच दिसली. चार महिने मी टाकीला पाठ लावून गुडघे मोडून घेतले, चकत्या गिळता गिळता वाचले, नवऱ्याला टर्की केलं, ते कशासाठी? हिच्या शेजारी बसायला? सात समुद्र ओलांडून जायचं आणि मुलगा नाल्यापलीकडे!

मी फोन ठेवला आणि आमच्या चौघांच्या ग्रुपवर लिहिलं, 'माझं यायचं जमेलसं वाटत नाही. गुडघे फार दुखतात.' मुद्दाम इंग्रजीत लिहिलं, म्हणजे तिलाही कळावं.

आणि बसले वाट बघत.

उत्तर लगेच आलं. विहिणीचं. 'ऐकून वाईट वाटलं. मी अगदी समजू शकते. गुडघ्यांना जप. तुझी आठवण येईल.' पुढे एक लाल बदाम. खाली मुलाचं, 'ओके आई, नो प्रॉब्लम. टेक रेस्ट. नेक्स्ट इयर पक्का.' सुनेने शेकायच्या पिशवीचं चित्र पाठवलं.

संपलं! एक 'असं कसं', एक 'तुझ्याशिवाय मजा नाही', एक फोन, काही नाही. मी फोन चार्जिंगला लावला आणि दर थोड्या वेळाने जाऊन बघत राहिले, आवाज बंद तर झाला नाही ना. दुसऱ्या दिवशीही काही नाही. माझी बाजू कुणी घेतली असेल तर शेजारच्या भाभीजींनी. त्यांना कळलं तशा धावत आल्या. "अरे, ऐसे कैसे नहीं जाएँगी! इतनी मेहनत की है! आपको हमारी क़सम, भाभीजी!" माझा हात धरून, डोळ्यांत पाणी आणून त्यांनी जी मनधरणी केली ती अगदी नमुनेदार होती. मला रडूच आलं. पण माझा रुसवा त्यांच्यावर नव्हता, त्यामुळे त्या मनधरणीचा काही उपयोग नव्हता.

दोन दिवसांनी हे संगणकासमोर बसून म्हणाले, "तुझं तिकीट रद्द करू?"

"करा."

"नक्की करू?"

"करा म्हटलं ना!"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "अगं, तू रुसली आहेस हे त्यांना कळलेलंच नाही. तिकडे नाही म्हणजे नाही. तुझे गुडघे दुखतायत एवढंच त्यांना कळलं. रुसायला समोर कुणी कोल्हापूरचं नाहीतर लखनौचं तरी लागतं."

"आणि तुमचा मुलगा? तो तर इथेच वाढला ना? त्याला कळू नये?"

"त्याला कळत होतं," हे म्हणाले. "आता विसरला असेल."

हे मला त्या फोटोपेक्षाही जास्त लागलं. लहानपणी हाच मुलगा मी स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागले की मागून येऊन पदर धरायचा आणि विचारायचा, "गुस्सा हो क्या, आई?" मी नाही म्हणायची. तो तिथेच उभा राहायचा. माझं 'नाही' त्याने कधी खरं मानलं नव्हतं.

आमच्या घराण्यात कुठल्या विहिणीने स्वतःचा रुसवा स्वतः उठून काढला असेल, असं मला वाटत नाही. माझ्या सासूबाई तर उपाशी झोपल्या असत्या. पण तिकीट रद्द झालं असतं तर त्या ओकखाली पुन्हा तेच दोघे बसले असते, पुन्हा तसाच फोटो आला असता, आणि मी पुन्हा लखनौत चष्मा पुसत बसले असते. तेवढं मला सहन होण्यासारखं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी विहिणीला फोन लावला. मुलाला न सांगता, दोघीच.

ती स्वयंपाकघरातच होती. माझा चेहरा बघून तिने कॉफीचा मग खाली ठेवला. "गुडघे कसे आहेत?"

"गुडघ्यांना काही झालेलं नाही," मी म्हटलं. माझं इंग्रजी वर्गात समीकरणं शिकवायचं इंग्रजी आहे. त्यात आडून बोलता येत नाही. ते त्या दिवशी बरंच झालं. "मी खोटं बोलले. मला राग आला होता. मला तुझ्याशेजारी बसायचं नाहीये. मला माझ्या मुलाशेजारी बसायचंय. त्याच्यासाठीच मी हे सगळं करतेय. टर्कीचं मला काही पडलेलं नाही."

बोलून गेले आणि कान गरम झाले. असं कुणी विहिणीला तोंडावर म्हणतं का? ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, पापणी न हलवता, जशी ती टर्कीकडे बघत असेल.

मग म्हणाली, "मलाही."

मला कळलं नाही.

"मलाही त्याच्याशेजारीच बसायचं असतं," ती म्हणाली. "वर्षभर तो आणि माझी मुलगी कामात. पानगळीतला तो एक आठवडा तो माझा असतो. या वेळी त्याने तुला शिकवायला मला बसवलं, तेव्हा मी हो म्हटलं, कारण तू लांबून येतेस. पण मला ते आवडलं नाही. तू येत नाहीस म्हणालीस, तेव्हा मला बरं वाटलं." आणि तिने नजर वळवली. "हे सांगायला नको होतं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. जवळजवळ वर्षभर मी जिच्यावर जळत होते, ती बाई तिकडे बसून माझ्यावर जळत होती! आणि हे तिने मला इतकं सरळ सांगितलं, की माझ्या माहेरच्या साऱ्या बायकांना मिळून जन्मात जमलं नसतं. राग यायला हवा होता. आला नाही. उलट हिचा पहिल्यांदाच नीट अंदाज आला. तोडीस तोड होती.

मनधरणी कुणी कुणाची केली नाही. तिकडे खिडकीबाहेर उजाडत होतं, इथे गल्लीत मुलं क्रिकेट खेळत होती.

मग मी विचारलं, "त्या झाडाचा बुंधा केवढा आहे?"

तिने कॉफीचा मग बाजूला सरकवला आणि दोन्ही हात पसरले. ते पडद्याच्या बाहेर गेले.

"मग तो मध्ये बसेल," मी म्हटलं. "मला तोच शिकवेल. हाताच्या अंतरावर असला म्हणजे झालं ना?"

"मग त्याला स्वतःची बंदूक घरी ठेवावी लागेल," ती म्हणाली. "शिकवणाऱ्याने शिकवायचंच."

"ठेवू दे. दरवर्षी मारतोच आहे."

ती पहिल्यांदा हसली. हसली की गालाला खळी पडते, हे मी इतके रविवार बघितलंच नव्हतं. "आणि कपाळाला हिरवी टिकली लाव," ती म्हणाली. "मी त्याला विचारलं. हिरव्या मिळतात म्हणाला."

"मिळतात," मी म्हटलं. एक पाकीट मी आधीच आणून ठेवलं होतं, पण ते तिला सांगायची काही गरज नव्हती. "आणि ऐक. त्याच्या उजव्या बाजूला मी बसणार."

तिचं हसू जरा थांबलं. "उजवीकडे मी असते."

"माहीत आहे. फोटोत बघितलंय."

ती विचारात पडली. कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्या बाजूला मुळं वर आली आहेत. बसायला टोचतात."

"टोचू देत," मी म्हटलं.